बिस्किट कंपनीतली मुलगी

माझी मुलगी बिस्किट कंपनीत आहे, असं मी यवतमाळात तीन वर्षं सांगत होते. पहिल्यांदा कुणाला सांगितलं तेही लख्ख आठवतं. समोरच्या घरच्या काकू गच्चीवर मुगवड्या घालत होत्या. तिथूनच त्यांनी आवाज दिला, "पोरगी लागली म्हणे नागपूरले! कायच्या कंपनीत?" माझ्या एका हातात चहाचा कप होता, दुसऱ्या हातात अर्धं बिस्किट. मी बिस्किटाकडे पाहिलं आणि म्हणून टाकलं, "बिस्किटाच्या." काकू खूश झाल्या. मीही झाले. खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे मला तेव्हाच कळलं, असं म्हणायची मात्र सोय नाही. ते पुढे येईलच.

खरं असं की माझी मुलगी बिअर बनवते. नागपुरात एक मोठं हॉटेल आहे. तिथे काचेच्या भिंतीमागे माणसापेक्षा उंच टाक्या उभ्या आहेत. त्यात बिअर तयार होते आणि तिथल्या तिथे नळातून लोकांच्या टेबलावर जाते. अशा जागेला ब्रूपब म्हणतात, हे मला तिनेच सांगितलं. ती अमरावतीला मायक्रोबायॉलॉजी शिकत होती तेव्हा मला वाटायचं, एखाद्या दवाखान्याच्या लॅबमध्ये पांढरा कोट घालून बसेल, लोकांचं रक्त तपासेल. ती बसली यीस्ट पाळत. मी कॉलेजच्या ऑफिसात बत्तीस वर्षं कारकुनी केली आहे. कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते मला कळतं. तिच्या नोकरीसाठी माझ्याकडे रकाना नव्हता, म्हणून बिस्किट लिहिलं.

दिग्रसला एका लग्नात हे उघडं पडलं. पंगतीत शेजारी बसलेल्या एका दुकानदाराने तिला मोठ्या कौतुकाने विचारलं, "ताई, तुमच्या कंपनीचे क्रीमवाले पुडे आमच्याकडे येतच नाही वो. जरा बोला ना वर." तिने माझ्याकडे पाहिलं. मी मठ्ठ्याचा ग्लास तोंडाला लावला आणि संपला तरी खाली ठेवला नाही. परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारची जागा सोडून पुढे जाऊन बसली. यवतमाळच्या स्टँडवर उतरल्यावर, नागपूरच्या गाडीकडे जाता जाता म्हणाली, "आई, मी आता घरी येऊ तं कोण म्हणून येऊ? बिस्किटवाली म्हणून?"

ती आली नाही. अकरा महिने आली नाही, दिवाळीलाही नाही. माझे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. घरात मी एकटी, फराळाचा डबा एकटीने उघडायचा म्हणजे काय ते ज्याचं त्याला माहीत. फोन व्हायचे. "जेवली काय?" "जेवली. तू?" "हो." एवढंच. माझा राग नाकावर असतो, हे ऑफिसातल्या शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मीही ताठ राहिले. माझंच चुकलंय हे माहीत असलं की मी जास्त ताठ होते.

मग मे महिन्यात तिचा मेसेज आला. "रविवारी दुपारी नागपूरले ये. एक गोष्ट चाखायची आहे. नाही आवडलं तर मी पुन्हा कधी म्हणणार नाही." त्यातलं शेवटचं वाक्य मी चार वेळा वाचलं. तिचा राग मला झेपतो, आमच्या घरचाच आहे. पण ती पुन्हा कधीच म्हणणार नाही, याने मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं.

सकाळची एसटी धरली. कळंब मागे पडलं आणि ऊन खिडकीतून मांडीवर येऊन बसलं. नांगरून ठेवलेली काळी रानं, मध्येच एखादं हिरवंगार झाड, पुन्हा काळं रान. डोळे मिटत होते, उघडत होते. वर्धा जिल्हा लागला तेव्हा मागच्या सीटवरचा एकजण दुसऱ्याला म्हणाला, "इथून आता सेलूपर्यंत कोरडं बरं का!" दोघं हसले. दारूबंदीचा जिल्हा ओलांडून मी दारू चाखायला चालले होते, पदर डोक्यावरून घेऊन. माझं मलाच हसू आलं, आणि त्या हसण्यातच पुन्हा डोळा लागला.

मला वाटलं होतं, जागा अंधारी असेल. तिथे इतका उजेड होता की मी दारातच थबकले. उंच खिडक्या, लाकडी टेबलं, एका टेबलावर चक्क आजी-आजोबा नातवंडांबरोबर जेवायला बसलेले. माझी मुलगी आतून आली ती गुडघ्यापर्यंत गमबूट घालून, केस वर बांधलेले, बाह्या ओल्या. गोठा धुऊन आल्यासारखी दिसत होती. वाकून पाया पडली, पण हसली नाही. "ये," म्हणाली.

आणि मग तो वास आला.

ओल्या धान्याचा, गरम, गोडसर, किंचित आंबट. मी खुर्चीची पाठ धरली. कुणी मला विचारलं असतं तर मी डोळे मिटून सांगितलं असतं की मी दिग्रसच्या पलीकडे आमच्या बंजारा तांड्यात उभी आहे, सहा-सात वर्षांची आहे आणि सकाळ आहे.

आमच्या शेताच्या बांधावर एक मोहाचं झाड होतं. फाल्गुनाच्या शेवटी त्याखालची जमीन याडी, म्हणजे माझी आई, झाडून स्वच्छ करायची. पहाटे टप टप फुलं पडत. पिवळट, गुबगुबीत, हातात घेतलं तर बोट चिकट होणारी. उजाडायच्या आत आम्ही टोपल्या भरायचो. फुलं उन्हात वाळून तांबडी झाली की ती बाच्या ताब्यात जायची. बा म्हणजे माझे वडील. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले, बा मात्र जमीन धरून बसलेला शेतकरी होता. पण तांड्यात लग्न असो की सण, दारू बाच्याच हातची लागायची. तांड्यातली सगळी घरं काढत नव्हती. आमचं काढायचं. तो स्वतः मात्र जेमतेम घोटभर घ्यायचा. त्याला पिण्यापेक्षा ऐकण्यात रस होता.

हो, ऐकण्यात. मोहाची फुलं माठात भिजत घातली की दोन-तीन दिवसांनी आत बुडबुडे फुटायला लागतात. बा रोज माठाला कान लावायचा. मलाही उचलून घ्यायचा, माझा कान मातीवर टेकवायचा. गालाला गार लागायचं आणि आत कुणीतरी हळूहळू, न थांबता काहीतरी सांगत असायचं. "बोलून राह्यला," बा म्हणायचा. आमच्या घरात गोरबोली चालायची, पण हा शब्द तो वऱ्हाडीतच म्हणायचा, का ते माहीत नाही. माठ बोलतो तोवर त्याला हात लावायचा नाही. तो गप्प झाला की मग चूल पेटवायची आणि दारू काढायची. शेजारच्यांची भट्टी बिघडायची, बाची कधी बिघडली नाही.

मग मला दिग्रसला मुलींच्या वसतिगृहात घातलं. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी माझ्या गोधडीचा वास घेतला आणि ओरडली, "इचा बाप दारू काढते!" झालं. माझं नाव गेलं आणि ते वाक्य उरलं. मी ती गोधडी तीन वेळा साबणाने धुतली. वास गेला, वाक्य गेलं नाही. पुढल्या वर्षी नव्या मुली आल्या, त्यांना मी सांगितलं की माझे वडील मोठे शेतकरी आहेत, घरी गडीमाणसं आहेत. एक दिवस बा फाटकापाशी आला. हातात फडक्यात बांधलेले तीळ आणि मोहफुलांचे लाडू. दोन मुली माझ्याबरोबर होत्या. एकीने विचारलं, "कोण आहे गं?"

मी म्हणाले, "आमचा गडी."

बा चार पावलांवर होता. त्याने ऐकलं. फडकं पुढे केलं आणि स्वच्छ मराठीत मला म्हणाला, "ताई, घरून पाठवलं आहे." आणि फाटकाबाहेर जाऊन लिंबाखाली बसला, शेतावरचा गडी बसतो तसा, एसटीची वाट पाहत. पुढे तो पंचवीस वर्षं जगला. त्याने हे कधी काढलं नाही. मीही काढलं नाही. माझी मुलगी दीड वर्षाची असताना तो गेला, आणि माफी मागायची राहूनच गेली. बांधावरच्या त्या झाडाकडेही मी त्यानंतर फिरकले नाही.

"आई, बस ना," मुलगी म्हणत होती. मी बसले.

चाखण्यासाठी एका लाकडी फळीवर पाच छोटे ग्लास आले. फळीत गोल खाचा, खाचेत ग्लास. आणणारा माणूस माझ्याच वयाचा, पिकल्या मिशांचा, काळा एप्रन घातलेला. मुलगी सांगत होती. ही गव्हाची, ही हॉप्स नावाच्या फुलाची, ती कडू लागेल, ही सफरचंदाची, ही काळी, भाजलेल्या धान्याची. पाचव्यावर तिने तळहात ठेवला. "ही शेवटी."

मी जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता. पहिला ग्लास उचलला. खिडकीतलं ऊन त्यातून आरपार जात होतं आणि मी त्या उन्हाकडे बघत राहिले. ओठाला लावायच्या आधी माझ्या हाताने काय केलं ते मला नंतर कळलं. करंगळीशेजारचं बोट ग्लासात बुडालं आणि तीन थेंब खाली त्या चकचकीत फरशीवर पडले.

मिशीवाले धावत आले. "मॅडम, कुछ गिरा क्या ग्लास में? सॉरी, सॉरी." त्यांना वाटलं चिलट पडलं. मी काही बोलायच्या आत ग्लास नेला, फरशी पुसली, नवा ग्लास आणला. मी तो घेतला. पुन्हा बोट बुडालं, पुन्हा तीन थेंब. आता त्यांचा चेहरा पडला. त्यांनी नळाकडे संशयाने पाहिलं, आख्खी फळीच उचलायला लागले.

"राहू द्या काका," मुलगी म्हणाली. "तिच्या ग्लासात काही पडलं नाही. ती देऊन राह्यली."

"किसको?" त्यांनी विचारलं.

मीच सांगितलं, आमच्याकडे पहिला घोट माणसाचा नसतो. आधी जमिनीला, घरातल्या गेलेल्यांना, मग आपल्याला. बा हे करायचा, त्याचा बा करायचा. मी कधी केलं नव्हतं, कारण मी कधी ग्लासच उचलला नव्हता. पण हाताला ठाऊक होतं. मिशीवाल्यांनी हे ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि फडकं खांद्यावर टाकून म्हणाले, "फिर तो पोछना नहीं चाहिए था." ते गेल्यावर मुलगी पहिल्यांदा हसली. अकरा महिन्यांनी मी ते हसू पाहिलं, आणि माझा जीव भांड्यात पडला.

गव्हाची बिअर मला पेजेची आठवण देऊन गेली. कडू होती ती मी तोंड वाकडं करून गिळली आणि मुलीला सांगितलं, काढा आहे हा. सफरचंदाची सरबतासारखी. काळी मात्र बरी वाटली, चुलीतल्या भाकरीच्या करपलेल्या कडेची चव होती तिला. घोट घोटच घेत होते, पण दुपार सैल व्हायला लागली. खिडकीतला उजेड टेबलावरून हळूहळू सरकत होता. शेजारच्या टेबलावरचं बोलणं लांबून आल्यासारखं ऐकू येत होतं. मला उगीच वाटत राहिलं की कुणीतरी आत्ता येऊन टोपली खाली ठेवणार आहे.

मग मुलीने पाचव्या ग्लासावरचा हात काढला.

मी आधी वास घेतला. मग घोट घेतला. मग ग्लास खाली ठेवला. गोड नव्हतं, पण गोडाची आठवण होती. मध्ये थोडा धूर, आणि शेवटी जिभेवर ते चिकट, पिवळट, पहाटेचं काहीतरी.

"मोह," मी म्हणाले.

"अजून मेन्यूवर नाही घेतली," ती म्हणाली. "नुसती करून पाह्यली, थोडीशीच. फुलं आपल्या झाडाची आहेत."

"कोणत्या आपल्या झाडाची?"

"बांधावरच्या. चैत्रात गेलती मी तांड्यात. मामी आली संगं. पहाटे येचलो आम्ही. पहिला घोट जमिनीले द्यायचं तिनंच सांगितलं." मामी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. "तुले सांगितलं नाही, कारण तू म्हटलं असतं, कायले गेली."

म्हटलं असतंच. ती उठली आणि मला काचेच्या भिंतीमागे घेऊन गेली. मोठ्या टाक्यांच्या मागे कोपऱ्यात एक छोटी टाकी होती, कमरेइतकी. तिच्यातून एक नळी निघून पाण्याच्या बादलीत सोडलेली, आणि बादलीत बुडबुडे येत होते. "दुसरा घाणा आहे," ती म्हणाली. टाकीवर आकडे दाखवणारं यंत्र होतं. तिने त्याकडे पाहिलंही नाही. खाली वाकली, डोळे मिटले आणि टाकीच्या अंगाला कान लावला.

ती तशीच राहून म्हणाली, "बोलून राह्यली अजून. दोन दिवस तरी हात नाही लावायचा."

"हे तुले कोणं शिकवलं?" मी विचारलं. "तुह्या आजोबाले तं तू पाह्यलंही नाही नीट."

ती उभी राहिली. माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच खुळी. "कोणं म्हणजे? तूच. इडलीचं पीठ भिजवलं की सकाळी डब्याले कान नाही लावत काय तू? पीठ बोलून राह्यलं म्हणते, मंगच इडल्या टाकते. मले वाटे, सगळ्यांच्याच घरी असं करतात. अमरावतीच्या होस्टेलवर एकदा म्हटलं मी, तं पोरी हसल्या."

मी गोधडी धुतली होती. गोरबोली सोडली होती. घरात मोहाचं फूल येऊ दिलं नव्हतं. आणि दर रविवारी सकाळी, यवतमाळच्या माझ्या स्वच्छ, टाइल्स लावलेल्या स्वयंपाकघरात मी बाचं काम करत होते, आणि लेकीला शिकवत होते, आणि मला पत्ता नव्हता.

मी पदर सारला, वाकले, आणि त्या टाकीला कान लावला. स्टीलही गार लागतं. आत कुणीतरी हळूहळू, न थांबता सांगत होतं. मी किती वेळ तशी होते माहीत नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मुलीने माझ्या पाठीवर ओला हात ठेवला. "आवडली काय, तेवढं सांग," ती म्हणाली.

"आवडली," मी म्हणाले. "पण आवडली म्हणून नाही भागत. मले अजून एक काम आहे घरी."

संध्याकाळच्या गाडीने परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडायला गेले तर समोरच्या काकू अंगणात सडा टाकत होत्या. "जाऊन आली काय नागपूरले? कशी आहे पोरगी? बिस्किट कंपनीतच आहे ना अजून?"

इतक्या वर्षांनी वसतिगृहातलं ते वाक्य माझ्या तोंडात आलं. मी ते चारचौघांत ऐकलं होतं, म्हणायची वेळ कधी आली नव्हती. गल्लीत दूधवाला होता, शेजारचे सर पेपर वाचत होते. मी आवाज चढवूनच म्हणाले, "नाही वो काकू. बिस्किटं मी सांगत होती. माही पोरगी दारू काढते. माह्या बापावर गेली. माहा बाप दारू काढे."

काकूंचा तांब्या वाकडा झाला, पाणी त्यांच्याच पायावर सांडलं. सरांनी पेपर खाली घेतला. दूधवाला मात्र म्हणाला, "चांगली काढे काय?"

"दिग्रसच्या पलीकडं त्याच्यासारखी कोणाची नव्हती," मी म्हणाले.

घरात येऊन मुलीला फोन लावला. म्हटलं, सांगितलं. "काय सांगितलं?" तिने विचारलं. मी वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. ती खो खो हसायला लागली. "अवो आई, दारू काढतात, बिअर बनवतात! वेगळं असते ते." मग थांबली. "आन आजोबाचं पण सांगितलं? माणसांसमोर?"

"सांगितलं."

मग म्हणाली, "शनिवारी येतो मी. पीठ भिजवून ठेव."

शनिवारी सकाळी उठून मी डब्याला कान लावला. बोलून राह्यलं होतं.